पद्मिनीचे दुखरे सांधे

पद्मिनी चालवलेल्या माणसाला एक उपाय कुणी शिकवावा लागत नाही. हॉर्न अचानक मुका झाला की फ्यूज बॉक्सचं झाकण उघडायचं, निमुळत्या टोकांचा फ्यूज चिमटीत धरायचा आणि जागच्या जागी जरा फिरवायचा. हॉर्न वाजतो. फ्यूज उडालेला नसतोच. त्याचं टोक आणि त्याला धरणारी पितळी पट्टी यांच्यामध्ये काळपट थर साचलेला असतो. फिरवल्यानं तो खरवडला जातो आणि करंट पलीकडे पोहोचतो. महिन्या-दोन महिन्यांत थर पुन्हा बसतो, हॉर्न पुन्हा गप्प. मग वैतागलेला मालक नवा हॉर्न बसवतो, नंतर नवा स्विच, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की सगळी वायरिंग उपटून नवी घालून टाका.

हा शेवटचा सल्ला बहुतेक वेळा अनाठायी असतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत तार मधोमध सहसा दगा देत नाही. दगा देतात तिचे सांधे: पिना, थिंबल (तारेच्या टोकाची पितळी जोडपट्टी), बुलेट, कपलर, अर्थचे नटबोल्ट. बेंगळुरूत टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंत जाणाऱ्या जे.सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. तिथे गाडीची कुठलीही विजेची तक्रार सांगितली की कन्नड, दख्खनी उर्दू, तमिळ अशा कुठल्याही भाषेत उत्तर एकच मिळतं, ‘लूज काँटॅक्ट, सार.’ निदान बरोबर असतं. त्यापुढचा उपचार मात्र घाईत उरकला जातो, आणि चांगल्या जोडणीचं खरं नुकसान तिथेच होतं.

पद्मिनी आणि बेंगळुरू यांचं नातं तसं आडवळणाचं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभारली. मोटारींच्या कारखान्यासाठीही त्यांनी आणि विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकाच्या अखेरीस बरीच खटपट केली होती. विमानं बेंगळुरूत राहिली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची मोटार मात्र कुर्ल्यात तयार होऊ लागली. फियाट ११००, मग १९६४ ची डिलाइट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी हा तिचा वंश. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिन्या मात्र अजून टिकून आहेत आणि त्यांतल्या काही बेंगळुरूच्या हौशी मालकांकडे येतात. या शहरात जुन्या गाड्यांचा शौक मुरलेला आहे. कर्नाटक व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब इथलाच, आणि राज्यात जुन्या मोटारी पाहायच्या तर धर्मस्थळचं मंजूषा संग्रहालय आहेच.

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवरच्या या शहरात पत्रा मुंबईपेक्षा कमी गंजतो, हे खरं. पण म्हणून वरून देखणी दिसणारी गाडी आतूनही ठणठणीत असेल असं धरून चालू नये. मुंबईत किंवा कोकणात वीस-तीस वर्षं काढलेली गाडी मीठ बरोबर घेऊनच येते. ते कपलरच्या आत, रबरी स्लीव्हखाली बसून असतं आणि दमटपणा मिळाला की पुन्हा कामाला लागतं. बेंगळुरूचा पाऊसही सप्टेंबर-ऑक्टोबरात जोर धरतो, म्हणजे मराठी मालक ‘पावसाळा सरला’ म्हणून निर्धास्त होतो नेमका तेव्हा. त्यात अपार्टमेंटच्या तळघरात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. सांधे तपासताना तारेवरच्या दातांच्या खुणाही पाहाव्यात.

आता करंट जोडात अडतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. दोन धातू एकमेकांना टेकले तरी सगळ्या पृष्ठभागावर टेकत नाहीत. मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच खरा स्पर्श होतो आणि सगळा करंट तेवढ्याच जागेतून जातो. पकडीचा दाब कमी झाला की हे स्पर्श कमी होतात. फटीत हवा आणि ओल शिरते, ऑक्साइड धरतं, रोध वाढतो. रोध वाढला की जोड तापतो, आणि तापला की पट्टीचा ताण आणखी ढिला पडतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

आकड्यांत पाहिलं तर त्याचं गांभीर्य कळतं. ५५ वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात. दोघांच्या सामाईक वाटेवर एकच जोड ०.१ ओहमइतका खराब झाला तर तिथे साधारण ०.९ व्होल्ट मुरतात. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं उतरतो, साधारण ३.४ व्या घातानं. त्यामुळे एवढ्याशा घटीतही जवळपास पाव उजेड जातो. शिवाय त्या बोटाच्या पेराएवढ्या जोडात ८ वॉट उष्णता तयार होत राहते. बाजारात मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, यावरून अंदाज करावा. कपलरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं ते यामुळेच. त्यावर ‘उजेड कमी पडतो’ म्हणून कुणी १००/९० वॉटचे बल्ब बसवले, तर एका बल्बमागे करंट ८ अँपिअरच्या वर जातो आणि आधीच आजारी असलेला जोड जळतो.

म्हणून पहिलं हत्यार ब्रश नव्हे, मल्टिमीटर. साधा, पाचशे-हजार रुपयांचा चालतो. ओहमच्या रेंजवर मोजून उपयोग नाही. एकच धागा शिल्लक असलेली तारसुद्धा तिथे ठणठणीत दिसते. मोजायचं ते भार चालू असताना. हेडलाइट लावावेत, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या ज्या खुंटीतून पुरवठा निघतो तिला आणि दुसरं हेडलाइटच्या कपलरमधल्या चालू पिनेला मागून टेकवावं. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत. मग बॅटरीची अर्थची खुंटी आणि बल्बची अर्थ पिन यांच्यामध्ये तसंच मोजावं. पूर्ण वाटेवर अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालवून घ्यावी. एकाच जोडाच्या दोन बाजूंना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड उघडायचा. टप्प्याटप्प्यानं पुढे सरकत गेलं की गुन्हेगार बहुधा अर्ध्या तासात सापडतो आणि बाकीच्या चांगल्या जोडांना हात लावायची गरजच उरत नाही. जुन्या गाडीत हात न लावणं हीसुद्धा दुरुस्तीच.

आकडे कागदावर लिहून ठेवावेत. काम झाल्यावर पुन्हा मोजायचं आहे.

उघडण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, आणि आधी अर्थची केबल काढावी. इथे एक गोष्ट डोळ्यांनी पाहून खात्री करण्यासारखी आहे. मॉरिस, ऑस्टिन आणि त्या घराण्यातल्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीनं निगेटिव्ह आधी काढायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी ठरलेली. दुसरी गोष्ट फोटोंची. मोबाइल हातात असतोच. प्रत्येक जोडाचे जवळून दोन फोटो आणि तारेला कागदी टेपची चिठ्ठी, एवढं केलं तर रात्री अकरा वाजता हिरवी कुठली आणि पांढरी कुठली यावर वाद होत नाही. अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली असल्यानं तिच्यात लुकासची रंगांची पद्धत भेटते: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी बॅटरीची पण फ्यूजमार्गे, निळी हेडलाइटची, तांबडी साइडलाइटची, काळी अर्थची. फियाटची पद्धत वेगळी. आणि कुठलीही असली तरी मधल्या काळात ज्या ज्या मेकॅनिकनं हात घातला त्यानं हाताला लागेल त्या रंगाची तार वापरलेली असते, त्यामुळे रंगावर विसंबण्यापेक्षा चिठ्ठीवर विसंबावं.

जोड ओढायचा तो कपलर धरून. तार धरून कधीही नाही. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं. हेअर ड्रायरनं मिनिटभर ऊब दिली की ते नरमतं आणि कानाचा तुकडा हातात येत नाही. कपलरमधून पितळी पिन बाहेर काढायची असेल तर तिच्या पाठीवर एक बारीक जीभ वर उचललेली असते. समोरून घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर सारून ती दाबली की पिन मागे सरकते. परत बसवण्यापूर्वी ती जीभ टोकानं किंचित वर उचलावी, नाहीतर जोडताना पिनच मागे ढकलली जाईल आणि बाहेरून सगळं घट्ट दिसत असताना आत स्पर्श होणार नाही. अशा जोडानं भल्याभल्या वायरमनना दिवस दिवस नाचवलेलं आहे.

अँबॅसिडरच्या ग्रिलमागे आणि डॅशखाली बुलेट जोड असतात: तारेच्या टोकाला ४.७ मिलिमीटर जाडीचं पितळी बोंड आणि दोन बोंडं दोन्हीकडून दाबून बसवायची रबरी आवरणाची नळी. इथे बोंड क्वचितच वाया जातं. वाया जाते ती आतली चिरलेली पितळी नळी. तिची पकड संपलेली असते आणि रबराला तडे गेलेले असतात. नळ्या साफ करत बसण्यात अर्थ नाही. त्या स्वस्तात नव्या मिळतात, त्या बदलाव्यात आणि मेहनत बोंडावर करावी.

आता प्रत्यक्ष सफाई. इथे बहुतेकांचा हात जड पडतो, कारण चकचकीत म्हणजे चांगलं ही समजूत पक्की असते. पितळी भांड्याला कल्हई नसली की ताक कळकतं हे घराघरात ठाऊक आहे. पितळी पिनेवरचा कथलाचा पातळ मुलामा नेमकं कल्हईचंच काम करतो. पॉलिश पेपर घासून पिन सोन्यासारखी पिवळी केली म्हणजे तो मुलामा गेला. आठवडाभर दिवे झक्क लागतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत उघडं पितळ पूर्वीपेक्षा जास्त काळं पडतं. म्हणून पिन राखाडी-पांढरट दिसत असेल, म्हणजे मुलामा शाबूत असेल, तर काँटॅक्ट क्लीनरचा फवारा आणि नायलॉनचा जुना टूथब्रश यापुढे जाऊ नये. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या मारुती ८०० सुद्धा आता क्लासिकच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांचे कपलर या वर्गातले. ज्या पिनांवर सोन्याचा मुलामा आहे, नव्वदीनंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत काही ठिकाणी असतो, त्यांना तर ब्रशही नको. फवारा पुरे.

फवाऱ्याबाबत एक गैरसमज सगळीकडे आहे. निळ्या-पिवळ्या डब्यातलं साधं डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झालेलं रसायन आहे. भिजलेल्या डिस्ट्रिब्युटरला ते वरदान, पण ते मागे तेलकट थर ठेवतं आणि त्यावर धूळ बसते. त्याच कंपनीचा काँटॅक्ट क्लीनर वेगळ्या डब्यात मिळतो. तो उडून जातो, मागे काही ठेवत नाही. तो नसेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. पेट्रोलनं धुण्याची जुनी सवय मात्र सोडावी, विशेषतः बॅटरी जोडलेली असताना.

पितळ उघडंच असेल आणि त्यावर काळा किंवा हिरवा कळंक असेल, तर मात्र घासावं लागतं. क्रम मऊपासून कडकपर्यंत ठेवावा. आधी खोडरबराची शाई खोडायची करकरीत बाजू. चपट्या पिनेवर ती आश्चर्य वाटावं इतकं काम करते. मग काचतंतूंची पेन्सिल किंवा पितळी तारांचा बारीक ब्रश. सगळ्यात शेवटी हजार नंबरचा पेपर, आणि तोही बुलेटच्या बोंडासारख्या जाड तुकड्यावर. स्टील वूल कधीच नको. त्याचे केसासारखे तुकडे कपलरमध्ये राहतात आणि दोन पिनांमध्ये शॉर्ट करतात. काचतंतूंच्या पेन्सिलीचे कणही हातात रुततात, म्हणून हातमोजे घालावेत.

हिरवा कळंक खोल गेलेला असेल तर लिंबूसत्त्वाचा उपयोग होतो. किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड चमचाभर, पेलाभर कोमट पाण्यात विरघळवावं. सुटा केलेला पितळी तुकडा त्यात पाच-दहा मिनिटं ठेवला की थर सैल होतो. ब्रश फिरवावा, साध्या पाण्यानं धुवावा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं आम्ल मारावं, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा धुवावं, अल्कोहोलमध्ये बुडवून काढावं आणि गरम हवेनं कोरडं करावं. पायऱ्या जास्त वाटतात, पण एकही गाळू नये. तार जोडलेली असताना तुकडा बुडवू नये हे त्याहून महत्त्वाचं. तारेच्या बारीक धाग्यांमधून द्रव प्लास्टिकखाली वर चढतो आणि मग आम्ल आतूनच तांबं खात बसतं. अशा वेळी इयरबडनं तेवढ्याच जागी लावावं, तारेचं टोक वर धरून.

व्हिनेगरमध्ये मीठ घालण्याची, चिंच-मिठानं घासण्याची युक्ती पितळी समईला ठीक आहे. जोडणीत मीठ नकोच. क्लोराइडचा अंश मागे राहिला की हिरवा थर आणखी झपाट्यानं येतो. मुंबईतून आलेल्या गाडीतून जे काढायचं आहे तेच पुन्हा कशाला घालायचं? त्याच कारणानं सोल्डर करताना नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स वापरू नये. राळेचा गाभा असलेली सोल्डरची तार घ्यावी.

बॅटरीच्या खुंट्यांचा प्रकार निराळा. तिथला पांढरा-निळसर फुलोरा हा गंधकाम्लाचा प्रताप आहे. कपभर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून ते ओतलं की फसफसून तो निघतो. फक्त बॅटरीची बुचं घट्ट लावलेली असावीत, सोडा आत गेला तर सेल गेला. डोळ्यांवर चष्मा असावा आणि जवळ बिडी-सिगारेट नसावी, कारण चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते.

साफ झाल्यावर काम संपलं असं वाटतं. खरं निम्मं तिथून पुढे आहे. मादी थिंबलच्या दोन्ही वळलेल्या कडा उघडल्या असतील तर स्वच्छ पितळही काम देणार नाही. बारीक नाकाच्या पकडीनं त्या कडा हळूच आत दाबाव्यात, एका वेळी थोड्याच, आणि ६.३ मिलिमीटरची सुटी नर पिन घालून पाहावी. ती बोटानं ढकलताना स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे आणि थिंबल उलटी धरली तरी पिन गळता कामा नये. निळसर झालेली थिंबल मात्र टाकून द्यावी. तापून तिचा ताण कायमचा गेलेला असतो, कितीही दाबली तरी ती पुन्हा उघडते. पद्मिनीच्या फ्यूजच्या पट्ट्यांचंही असंच. टोकांचे खळगे साफ करून पट्ट्या किंचित आत वळवाव्यात, फ्यूज नवे घालावेत, पांढरा ८ अँपिअरचा आणि तांबडा १६ चा. घेताना आतली पट्टी तांब्याची आहे की कुठल्या हलक्या धातूची ते पाहावं. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला जुना फ्यूज सापडला तर त्याला आठवण म्हणूनही गाडीत ठेवू नये.

नवी थिंबल बसवताना तारेचं तांबं पाहावं. ते तजेलदार नसून काळं असेल तर लाल तांबं दिसेपर्यंत तार कापत जावं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही आणि क्रिंपही फार दिवस टिकत नाही. लांबी कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा जोडावा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत १४/०.३० म्हणजे ०.३० मिलिमीटरचे १४ धागे, साधारण पावणेनऊ अँपिअरची तार, आणि २८/०.३० साडेसतराची. कापलेल्या तारेचे धागे मोजले की दुकानात काय मागायचं ते कळतं. सोल्डर की क्रिंप, हा वाद संपणारा नाही. लेखकाचा कौल क्रिंपला. योग्य जबड्याच्या हत्यारानं दाबलेला उघड्या पाकळ्यांचा क्रिंप धागे आणि पितळ हवाबंद एकजीव करतो. सोल्डर मात्र धाग्यांमधून वर चढतं, तार तिथे काडीसारखी कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते. बुलेटच्या बोंडात सोल्डर करायचंच असेल तर थोडकं करावं आणि मागे आधार म्हणून श्रिंक स्लीव्ह घालावी. पकडीनं चेपलेली, वर काळी टेप गुंडाळलेली थिंबल ही क्रिंप नव्हे. ओढून पाहावी, निघाली तर बरंच झालं.

१९५० च्या आधीच्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांच्या तारांवर रबर आणि वर सुती विणकाम असतं. वाकवली की रबराचा भुगा होतो. तिथे जोड वाचवून उपयोग नाही, तशाच विणकामाचा नवा हार्नेस करून घ्यावा. एरवी मूळ हार्नेस शक्यतो राखावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेत नोंदणी होते आणि तिथे गाडी मूळ रूपात असावी ही अट आहे. श्रिंक स्लीव्हमुळे कुणी नोंदणी नाकारणार नाही, पण प्रदर्शनातल्या परीक्षकाची नजर बॉनेट उघडताच नव्या झगझगीत निळ्या-पिवळ्या थिंबलांवर जाते. नवं काम जुन्या काळ्या आवरणाखाली दडवता येतं, तेवढी तसदी घ्यावी.

अर्थकडे सगळ्यात शेवटी पाहिलं जातं; खरं तर सुरुवात तिथून करावी. सेल्फ मारताना चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल, तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी मेली आहे आणि सेल्फचा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून वाट काढतो आहे. बोल्ट काढावा, पत्र्यावरचा रंग-गंज नाण्याएवढ्या जागेत खरवडून लोखंड उघडं करावं, दातेरी वॉशर घालून घट्ट करावा आणि मग वरून व्हॅसलिन फासावं. आधी फासायचं नाही.

तोच नियम ग्रीझला. सिलिकोनचं डायइलेक्ट्रिक ग्रीझ करंट वाहत नाही, ते पाणी बाहेर ठेवतं. कपलरच्या तोंडाशी, रबराखाली पातळ थर पुरे. घट्ट बसणारी पिन आत सरकताना ते बाजूला सारते. हेच ग्रीझ स्विच, रिले किंवा हॉर्नच्या ठिणगी पडणाऱ्या पॉइंटांवर लावलं तर ठिणगीच्या उष्णतेनं त्यातून वाळूच्या जातीचा, करंट न नेणारा थर तयार होतो.

सामान आणायला जाताना जुना तुकडा खिशात असावा. जे.सी. रोडला थिंबल, बुलेटच्या नळ्या, फ्यूज, रिले मिळतात, जवळच्या एस.पी. रोडला मीटर, क्रिंपची हत्यारं, अल्कोहोल, श्रिंक स्लीव्ह. मूळ कपलरच हवा असेल तर शिवाजीनगरच्या गुजरीत भंगारातली गाडी शोधावी. पुण्याच्या वाचकाला नाना पेठ आणि बुधवार पेठ, मुंबईच्या वाचकाला ऑपेरा हाउस आणि लॅमिंग्टन रोड, अशी जोडी सांगितली की बाकी सांगावं लागत नाही.

सगळं जोडून झालं की बॅटरीची अर्थ शेवटी लावावी, हेडलाइट चालू करून दहा मिनिटं थांबावं आणि प्रत्येक जोडाला बोट लावून पाहावं. कोमट चालेल, चटका नको. मग पहिल्या कागदावरच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहावेत. सांधे सुधारूनही घट अर्ध्या व्होल्टच्या वर राहिली, तर आड येतो आहे तो डॅशवरचा जुना स्विच. तो उघडण्यापेक्षा हेडलाइटजवळ दोन रिले बसवावेत: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तार, ८७ वरून बल्ब, ८५ अर्थला आणि ८६ ला स्विचकडून येणारी मूळ तार. स्विचवरचा भार त्यामुळे अर्ध्या अँपिअरच्या आत येतो आणि काही कापावं लागत नसल्यानं गाडी हवी तेव्हा पूर्ववत करता येते. मोजमाप पुन्हा करायचं ते ऑक्टोबर उलटल्यावर, दोन-चार पाऊस खाऊन गाडी वाळली की.